बॉक्स उतरवण्याआधी

चिपळूण

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. सात वर्षांची पेट्रोल सेडान, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. साठ-सत्तरच्या वेगाला अंगात कापरं भरल्यासारखी थरथरते. दुसऱ्या वर्कशॉपने ‘बॉक्स गेला’ म्हणून ओव्हरहॉलचं लाखाच्या वरचं एस्टिमेट हातात ठेवलंय आणि तुझ्या शेठने ती गाडी तुझ्या गळ्यात घातलीय. फोनवर तू दर वाक्याला ‘हो अण्णा, हो अण्णा’ करतोस, त्यातलं तुला किती पोचलं ते मला कळत नाही. म्हणून पत्र. हे खिशात ठेव आणि गाडीजवळ उभा राहून वाच.

आधी माझं मत सांगून टाकतो. गॅरेजमध्ये ऑटोमॅटिक बॉक्सइतका फुकट बदनाम होणारा दुसरा भाग नाही. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचं आयुष्य मॅन्युअल गाड्यांवर गेलं. ऑटोमॅटिकचं पोट त्यांनी उघडून पाहिलेलं नसतं. त्यामुळे जे समजत नाही ते त्याच्या नावावर जातं. मस्कतला मी होतो तेव्हा तिथल्या रस्त्यावर ऑटोमॅटिक हीच साधी गाडी होती, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. बॉक्स खरोखर मरतात ते तिथे भरपूर पाहिलं, पण ‘बॉक्स गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांत प्लग, कॉइल, फाउंडेशन, बॅटरी नाहीतर नुसतं तेल निघालेल्याही पुष्कळ होत्या. म्हणून माझा क्रम ठरलेला: बॉक्सच्या बाहेरचं सगळं संपवायचं, मग बॉक्सच्या आतलं पण न उघडता कळणारं संपवायचं, आणि पाना अगदी शेवटी.

पहिला प्रश्न म्हणजे हा ऑटोमॅटिक कुठल्या जातीचा. ग्राहकाला दोनच पेडल दिसतात, त्याच्या लेखी सगळे एकच. तुझ्या लेखी नकोत. २०१४ साली सेलेरिओबरोबर जो एएमटी आपल्याकडे आला तो मुळात मॅन्युअल बॉक्स आहे. तीच क्लच प्लेट, तेच गिअर, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या जागी यंत्र. तो गिअर बदलताना मान झुकवतो, तो त्याचा स्वभाव. पण जागेवरून निघताना थरथरला, तर मॅन्युअलसारखाच क्लच प्लेटकडे बघ. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो. त्यामुळे रेस दिली की इंजिन वर जाऊन तिथेच घोंगावत राहतं आणि गाडी मागाहून वेग घेते. नवखा मालक ‘क्लच स्लिप होतोय’ म्हणत येतो, त्याला समजावून परत पाठवायचं. डीसीटीत दोन क्लच, एक विषम गिअरांचा, एक सम. त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार असेल तर चढावर ब्रेक न लावता रेसवर गाडी तोलून धरणारा चालक त्याला भाजून काढतो. आणि चौथा तुझा, टॉर्क कन्व्हर्टरवाला. एकाची टेस्ट दुसऱ्यावर करशील तर चांगला बॉक्स तुझ्या हातून जळेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

मग ग्राहक. त्याला ‘काय झालंय’ असं विचारू नकोस, तो निदान सांगतो आणि तेही मेव्हण्याने सांगितलेलं. त्याला लक्षणं विचार. सकाळी गाडी काढल्या काढल्या थरथरते की दहा-पंधरा मिनिटांनी? पाय हलका असताना की दाबल्यावर? सपाटीला की चढाला? हे सुरू होण्याआधी गाडीचं काय काय झालं होतं: तेल बदललं, बॅटरी काढली, टो करून आणली, पाण्यात गेली? आणि उत्तर त्याच्या तोंडात घालू नकोस. ‘गरम झाल्यावरच होतं ना?’ म्हणालास की तो मान डोलावणारच.

तुझ्या निरोपात एक ओळ होती, ती मला सगळ्यात मोलाची वाटली: सकाळी घरापासून निघाल्यावर काही होत नाही, हायवेला लागल्यावर होतं, आणि पाय दाबला की जातं. तू ती सहज लिहिलीस. ती पुन्हा वाच, कारण निम्मं निदान तिच्यात आहे.

का, ते सांगतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेलं बंद भांडं. इंजिनाचं चाक तेल फेकतं, समोरचं टर्बाइन त्या तेलाने फिरतं, मधला स्टेटर परतणारं तेल योग्य कोनात वळवून सुरुवातीची ताकद वाढवतो. इंजिन आणि बॉक्स यांचा एकमेकांना लोखंडी स्पर्श नाही, म्हणून सिग्नलला गिअरमध्ये उभी राहूनही गाडी बंद पडत नाही. पण तेलातून ताकद नेताना थोडी घसरण कायम राहते आणि तेवढं इंधन उष्णतेत जातं. ते वाचवायला आत एक क्लच असतो, लॉक-अप क्लच. वेग स्थिर झाला की तो चिकटतो आणि इंजिन-टर्बाइन एकजीव फिरतात. युक्ती काही नवी नाही. अमेरिकेत पॅकार्डने १९४९च्या अल्ट्रामॅटिकमध्ये ती घातली होती. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा क्लच पूर्ण न चिकटवता जाणूनबुजून किंचित घसरत ठेवतो, झटका लागू नये म्हणून. त्या घसरण्यात क्लचचं अस्तर आणि तेल यांचं जमलं पाहिजे. तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली किंवा अस्तराला काच चढली, की क्लच धड घसरतही नाही आणि धड धरतही नाही. धर-सोड, धर-सोड. टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या रम्बलर पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखं सीटखाली जाणवतं, सेकंद-दोन सेकंद, आणि थांबतं.

आता तुझी ओळ घे. तेल थंड असताना कॉम्प्युटर लॉक-अप लागूच देत नाही, म्हणून सकाळी काही नाही. हायवेला हलक्या पायाने लॉक-अप लागतो, म्हणून तिथे होतं. पाय दाबला की लॉक-अप सुटतो किंवा गिअर खाली येतो, म्हणून जातं. सगळं जुळतंय. तरीही अजून कागदावर काही लिहू नकोस. इंजिनचा मिसफायरही हुबेहूब असाच लागतो, आणि कमी आरपीएमला लॉक-अप लागल्यावर तो जास्तच जाणवतो, कारण मधली तेलाची गादी गेलेली असते. याच जागी भल्याभल्यांचं निदान चुकतं.

म्हणून ट्रायल मार, आणि एकटा मारू नकोस. चालवणारा वेगळा, लॅपटॉप मांडीवर घेऊन तू बाजूला. रस्ता मोकळा, मागे कोणी नाही, वेग साठ-सत्तर, पाय हलका. थरथर सुरू झाली की चालवणाऱ्याने रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लाइट लागण्यापुरता. ब्रेक लागतोय असं कॉम्प्युटरला वाटलं की तो लॉक-अप सोडतो. आरपीएमचा काटा शंभर-दोनशेने वर जाईल. त्याच क्षणी थरथर चाकूने कापल्यासारखी गेली तर कन्व्हर्टर क्लचवर बोट ठेवायला हरकत नाही. काटा वर गेला आणि थरथर तशीच राहिली, तर कन्व्हर्टर निर्दोष. काही नव्या गाड्या ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दिसले की इंजिनची ताकदच काढून घेतात, तिथे या परीक्षेचा निकाल फसवा येतो. पाय खरंच हलका हवा.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे आणि मला जास्त आवडते. थरथर कशाच्या मागे जाते ते बघ. मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घे आणि वेग कमी करून इंजिनचा आरपीएम आधीइतकाच आण. त्याच आरपीएमला पुन्हा थरथरली, तर दोष इंजिनकडे. आरपीएम काहीही असो, रस्त्यावरच्या ठरावीक वेगालाच थरथरते, अगदी न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही, तर टायर, रिम, व्हील बॅलन्सिंग. फक्त रेस देतानाच थरथरते आणि सोडली की थांबते, लॉक-अप लागो न लागो, तर गाडी रॅम्पवर घे आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट हलवून बघ. बॉक्स न उघडता तीन आरोपी सुटतात किंवा सापडतात, खर्च फक्त पेट्रोलचा.

स्कॅनर ट्रायलच्या आधीच लावला असशील, पण त्यावर मी मुद्दाम उशिरा येतोय. तुमच्या पिढीला स्कॅनर म्हणजे देववाणी वाटते. पी०७०० आला म्हणून ‘गिअरबॉक्सचा कोड आलाय’ असं ग्राहकाला सांगू नकोस. त्याचा अर्थ इतकाच की बॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला दिवा लावायला सांगितलंय, खरा कोड बॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन वाच. स्वस्तातला स्कॅनर तिथे पोचतच नाही. पी०७१५ आला तर टर्बाइनच्या स्पीड सेन्सरचं सर्किट, आधी वायर आणि कनेक्टर बघ. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. ते आतल्या क्लच घसरल्याने असेल किंवा सेन्सर खोटं सांगतोय म्हणून. पी०७४१ म्हणजे लॉक-अप सांगितला पण लागला नाही. यात सोलेनॉइड असू शकतो, व्हॉल्व्ह बॉडीतली झिजलेली वाट असू शकते, अस्तर असू शकतं. कोड लक्षणाचं नाव सांगतो, पार्टचं नाही. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढ: कोड आला तेव्हा वेग किती, इंजिनचं तापमान किती, रेस किती. घाईत ‘क्लिअर’ दाबणारा फिटर पुरावाच पुसून टाकतो.

तुझ्या कामाचं म्हणजे लाइव्ह डेटा. इंजिनचा आरपीएम, टर्बाइनचा आरपीएम, लॉक-अपची कमांड आणि प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंट, हे चार एका पडद्यावर घे. लॉक-अप लागल्यावर पहिल्या दोघांतला फरक शून्य किंवा अगदी थोडा आणि स्थिर हवा. थरथरीच्या वेळी तो फरक वर-खाली नाचत असेल आणि मिसफायर काउंट हलत नसेल, तर मी तिथे शिक्का मारतो. काउंट एखाद्याच सिलिंडरचा चढत असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाक. दोष कॉइलबरोबर सरकला की ग्राहकाचे लाख वाचले.

जाता जाता दोन-तीन गोष्टी, तुझ्या या गाडीच्या नसल्या तरी. पार्कमधून ड्राइव्हला किंवा रिव्हर्सला घेताना ‘धाड’ असा आवाज आला तर आधी बॉनेट उघडून इंजिन फाउंडेशन बघ. रबर फाटलं की इंजिन उडी मारतं आणि आळ बॉक्सवर येतो. दांडा पार्कमधून हलतच नसेल तर मागे जाऊन ब्रेक लाइट लागतो का बघ. ब्रेकच्या स्विचचा निरोप गेला नाही तर दांडा कुलूपबंदच राहतो. आणि बॅटरी अशक्त झाली की बॉक्सचा कॉम्प्युटर चित्रविचित्र कोड टाकतो, एएमटी तर गिअरच घेत नाही. हे बघायला मल्टीमीटर आणि डोळे पुरतात.

आता तेल. इथे घाई नको. तुझ्या गाडीला डिपस्टिक नसेल. बऱ्याच नव्या बॉक्सना नसते, बाजूला किंवा खाली लेव्हलचा बोल्ट असतो. गाडी रॅम्पवर चारही बाजूंनी सपाट, इंजिन चालू, तेलाचं तापमान मॅन्युअलने सांगितलेल्या मर्यादेत, मग बोल्ट उघडायचा आणि बारीक धार वाहू द्यायची. तेल जास्त तापलेलं असताना उघडलास तर फुगलेलं तेल जादा वाहून जाईल आणि बॉक्स उपाशी राहील. थंड असताना उघडलास तर जास्त भरलं जाईल, मग फिरत्या गिअरांत त्याचा फेस होईल, आणि फेसाला प्रेशर नसतं. म्हणजे कमी तेलाने क्लच घसरतो तसाच जास्त तेलानेही. डिपस्टिकवाल्या गाड्यांत बहुतेकांचं तेल इंजिन चालू ठेवून बघायचं, पण होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकांचं इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत. मस्कतला नव्या पोराला मी हाच प्रश्न पहिल्या दिवशी टाकायचो, मॅन्युअल वाचतो की नाही ते कळायचं.

रंग बघ, पण रंगावर जाऊ नकोस. काळपट झालेलं तेल म्हणजे मेलेला बॉक्स नव्हे. बोटावर घेऊन वास घे. करपलेला वास आला तर क्लच भाजलाय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय, आणि ते वाईट, कारण या क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं, डिंकाने चिकटवलेलं. पाण्यात ते सुटतं. ज्या गाड्यांत बॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत असतो तिथे कूलर फुटून हे होतं. आपल्या चिपळूणकरांना दुसरं कारण ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी गावात शिरली, त्यानंतर किती गाड्यांचं तेल असं निघालं ते मी इथे पाहिलं. बॉक्सला श्वास घ्यायला वर छोटी नळी असते. गरम बॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढून घेते. म्हणून पाण्यात गेलेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही आणि पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायचीही नाही. बॉक्सचा तेलपंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आतल्या गिअरांना तेलच नाही. फ्लॅटबेड मागव.

तेल काढशील तेव्हा खालचं चेंबरही उघड. चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती वयाची, पुसून टाक. चकाकणारे कण, तुकडे किंवा काळ्या अस्तराचा चुरा निघाला तर मात्र फोटो काढून शेठला आणि मालकाला दाखव, तिथून पुढे तेलाने काही होणार नाही.

‘लाइफटाइम तेल आहे, बदलायचं नसतं’ असं तुला सांगणारे भेटतील. कोणाच्या लाइफचा टाइम, ते त्यांना विचार. जगभरच्या गाड्यांना बॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी तेल बदला म्हणते. आणि पुण्यातल्या सिग्नलवर घासलेले किलोमीटर हायवेच्या किलोमीटरांहून तेलाला जड जातात. ‘जुनं तेल बदललं की बॉक्स बसतो’ ही भीतीही ऐकशील. जो बॉक्स तेल बदलल्यावर बसला तो बहुतेक वेळा आधीपासूनच घसरत होता, म्हणून तर मालकाला तेल आठवलं. तुझ्या गाडीत घसरण नाही, नुसती थरथर आहे, तिथे नवं तेल हे औषधच आहे. फक्त मशीन लावून जोराने फ्लश मारू नकोस. चेंबरमधून काढ आणि तेवढंच भर. बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, त्यामुळे काही दिवस गाडी चालवून पुन्हा तेच करावं लागेल. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नावाचंच. दुकानदार ‘सगळ्याला चालतं’ म्हणाला तर त्याला नमस्कार कर.

स्टॉल टेस्टचं तुझ्या शेठने सुचवलंय म्हणतोस. ब्रेक घट्ट दाबून ड्राइव्हमध्ये पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएम कुठे अडतो ते बघायचं. ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर आतले क्लच घसरतायत, फार खाली अडला तर इंजिन अशक्त किंवा स्टेटरचा एकतर्फी क्लच गेलेला. टेस्ट खरी आहे, पण पाच सेकंदांच्या वर नाही, गाडीसमोर माणूस नाही, आणि तुझ्या गाडीची तक्रार बघता गरजही नाही. एएमटी आणि डीसीटीवर तर कधीच नाही. त्यापेक्षा ब्रेक दाबून न्यूट्रलमधून ड्राइव्हला घे आणि झटका जाणवेपर्यंतचा वेळ मोज. टोयोटाच्या वर्कशॉप मॅन्युअलांत ड्राइव्हला १.२ सेकंदाच्या आत आणि रिव्हर्सला १.५ सेकंदाच्या आत असं दिलेलं असतं. तुझ्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघ. दोन्ही ठीक निघाले तर आतले मोठे क्लच आणि प्रेशर जागेवर आहेत असं धर.

सगळं माझ्या अंदाजाने निघालं, म्हणजे ब्रेकच्या स्पर्शाने थरथर गेली, मिसफायर नाही, चेंबर स्वच्छ, तर मालकाला समोर बसवून एस्टिमेट दोन भागांत लिहून दे. पहिला भाग तेल, गॅस्केट आणि फिल्टर बदलता येण्यासारखा असेल तर तो, आणि त्यानंतर कॉम्प्युटरचं शिकलेलं पुसून नव्याने शिकवण्याची ट्रायल. दुसरा भाग, तेलाने फरक नाही पडला तर, फक्त कन्व्हर्टर. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागेल, पण उतरवणं वेगळं आणि उघडणं वेगळं, हे त्याला आणि तुझ्या शेठलाही नीट सांग. त्या वेळी कूलरच्या नळ्या धुऊन घ्यायला विसरू नका, नाहीतर जुन्या कन्व्हर्टरचा चुरा नव्यात जाऊन बसेल. पहिल्या भागाने काम होईलच अशी हमी देऊ नकोस. अस्तर किती उरलंय ते बाहेरून कोणालाच दिसत नाही, आणि तसंच त्याला सांग.

ट्रायलचा लाइव्ह डेटा आणि चेंबरच्या चुंबकाचा फोटो मला पाठव. मोबाइलवर नीट दिसत नाही, तेव्हा आकडे वहीत लिहून त्या पानाचा मोठा फोटो काढ. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा,
अण्णा